जर्मनीला शिकायला जाताय? पहिल्या दीड महिन्याचे पैसे वेगळे ठेवा

व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये 11,904 युरो भरले की वर्षाची सोय झाली, असं घरात सगळ्यांना वाटतं. सोय होते, पण हे पैसे एकदम हातात पडत नाहीत. महिन्याला 992 युरो सुटतात, आणि तेही तिथे पोहोचून चालू खातं उघडल्यावर. खातं उघडायला बऱ्याच बँका पत्त्याची नोंदणी, म्हणजे ‘आनमेल्डुंग’ मागतात. नोंदणीला घरमालकाची सही असलेला कागद लागतो. त्यातून ऑक्टोबरचं सत्र तोंडावर आलं की मोठ्या शहरांत नोंदणी कार्यालयाची वेळ मिळता मिळत नाही.

याच दिवसांत डिपॉझिट द्यायची वेळ येते. घरमालक तीन महिन्यांच्या मूळ भाड्याइतकं डिपॉझिट मागू शकतो. मूळ भाडं म्हणजे हीटिंग वगैरे धरायच्या आधीचं. ते तीन मासिक हप्त्यांत द्यायची मुभा कायद्यानेच आहे, पण हे तुम्हाला आपणहून कुणी सांगणार नाही. खोली बघायच्या आधी, करार न करता कुणी पैसे मागितले तर मात्र एक युरोही देऊ नका.

म्हणून ब्लॉक्ड अकाउंट सोडून निदान दोन हजार युरो हाताशी असू द्या, असं आम्ही सांगतो. आम्ही फॉरेक्स कार्ड, म्हणजे आधीच परकीय चलन भरून ठेवायचं कार्ड विकतो, तरीही सगळे कार्डावर भरू नका. दोन-तीनशे रोख ठेवा. छोट्या बेकऱ्यांत आजही कार्ड चालेलच असं नाही. एटीएमने ‘रुपयांत हवेत की युरोत’ असं विचारलं तर युरोच निवडा. रुपये निवडले की दर ते मशीन ठरवतं आणि भुर्दंड तुम्हाला पडतो.

पुढे 992 मध्ये भागतं का? ते शहरावर आहे. म्युनिकमध्ये निम्म्याहून जास्त पैसे खोलीच खाते. केम्निट्झ, माग्डेबुर्गकडे बरंच हलकं जातं. आरोग्य विम्याचे दीडशेच्या आसपास दरमहा जाणारच. दुकानं रविवारी बंद असतात, स्टेशनवरची उघडी असतात पण महाग, तेव्हा किराणा शनिवारीच भरा. पाण्याच्या प्लास्टिक बाटलीवर 25 सेंट अनामत असते. रिकामी बाटली सुपरमार्केटच्या मशीनमध्ये टाकली की चिठ्ठी येते, ती काउंटरवर वळती होते.

नोंदणीनंतर रेडिओ-टीव्ही शुल्काचं पत्र येतं. जाहिरात समजून मुलं ते फेकून देतात आणि मग दंडासकट थकबाकी येते. शुल्क महिन्याला 18.36 युरो, पण माणशी नाही, घराला एकच. चौघं राहत असाल तर एकाने भरून वाटून घ्या.

नोकरी वर्षाला 140 पूर्ण किंवा 280 अर्धे दिवस करता येते. मात्र पहिल्या सत्राच्या हिशोबात ही कमाई धरू नका.

आता आई-बाबांसाठी. एका व्यक्तीने आर्थिक वर्षात 10 लाखांहून जास्त रक्कम परदेशी पाठवली की वरच्या रकमेवर टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच वसूल होणारा आगाऊ आयकर कापला जातो, आणि सध्याच्या दराने ब्लॉक्ड अकाउंटची रक्कमच त्यापलीकडे जाते. बँकेच्या शैक्षणिक कर्जातून गेलेल्या पैशाला तो लागत नाही. कापलेला टीसीएस पाठवणाऱ्याच्या पॅनवर जमा होतो आणि विवरणपत्र भरताना वळता करता येतो. त्यामुळे पैसे कुणाच्या खात्यातून जाणार ते आधी ठरवा. विवरणपत्र न भरणाऱ्या आजोबांच्या खात्यातून पाठवले, तर तेवढ्यासाठी त्यांना ते भरावं लागेल.

आमच्याकडे येताना पासपोर्ट, प्रवेशपत्र आणि पैसे पाठवणाऱ्याचं पॅन कार्ड सोबत आणा.