दम आधी जातो, ठोसा शेवटी

गेल्या चैत्रात मी पंधरा वर्षांनी बॉक्सिंगसाठी हातांना पट्ट्या गुंडाळल्या. परभणीतली पत्र्याची शेड, आढ्याला साखळीने टांगलेली बॅग, खिळ्यावर दोऱ्या. पहिला जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा झटपट सरळ ठोसा, असा सुटला की माझं मलाच कौतुक वाटलं. मागोमाग उजवा सरळ ठोसा, मग कोपरात वाकवून बाजूने मारलेला डावा हुक. पाय न सांगता सरकले, हनुवटी आपसूक खांद्याआड गेली. आणि चाळिसाव्या सेकंदाला डोळ्यांपुढे काजवे चमकले. तीन मिनिटांच्या राऊंडची दोन मिनिटं वीस सेकंद बाकी होती आणि मी बॅगेला मिठी मारून उभा. शेजारी पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं दोरीवर उड्या मारत होती. त्यातलं एक म्हणालं, ‘काका, बसता का जरा?’

बसलो. धाप ओसरेपर्यंत डोक्यात एकच प्रश्न: हाताला सगळं आठवतंय, मग छातीच कशी विसरली?

हाताचं उत्तर सोपं आहे. पाठीला भोपळा बांधून विहिरीत पोहायला शिकलेला माणूस वीस वर्षांनी पाण्यात पडला तरी हातपाय मारतोच. ठोसाही तसाच. हजारो वेळा गिरवलेल्या हालचाली लहान मेंदू आणि मेंदूच्या तळाशी असलेल्या चेतापेशींच्या जाळ्यात मुरतात आणि तिथून सहसा पुसल्या जात नाहीत. टाचेतून निघालेला जोर कमरेतून खांद्यात आणि खांद्यातून मुठीत कसा न्यायचा, हे तिथं टिकून असतं. बोथट होतो तो अंदाज: समोरच्याचं अंतर, त्याचा हात निघाल्याची चाहूल.

दमाची गोष्ट वेगळी. आपण ‘छातीत दम नाही’ म्हणतो, पण धडधाकट माणसाची फुप्फुसं सहसा कमी पडत नाहीत. कमी पडतं ते रक्त. नियमित सराव करणाऱ्याच्या शरीरात रक्तातला पातळ भाग, म्हणजे रक्तद्रव, वाढलेला असतो. त्यामुळे हृदय प्रत्येक ठोक्याला जास्त रक्त फेकतं. सराव थांबला की हे जादा पाणी शरीर दोन-तीन आठवड्यांतच काढून टाकतं. त्यापाठोपाठ स्नायूंमधल्या मायटोकाँड्रियांची, पेशीतल्या त्या इवल्या चुलींची, ताकद उतरते. 1984 साली अमेरिकेत कसलेल्या खेळाडूंना मुद्दाम बारा आठवडे बसवून मोजमाप केलं गेलं. त्यांची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता पहिल्या तीन आठवड्यांत सुमारे 7 टक्के आणि बारा आठवड्यांअखेर सुमारे 16 टक्के घसरली होती. माझी तर पंधरा वर्षं, त्यातली बरीचशी खुर्चीत.

याहून बोलका प्रयोग अमेरिकेतल्याच डॅलस शहरातला आहे. 1966 मध्ये विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावरून उठू दिलं नाही. त्यांची ती क्षमता चौथ्या हिश्शाने घटली. तीस वर्षांनी तेच पाच जण पुन्हा तपासले. वजन वाढलेलं, पोटं सुटलेली, तरी तीस वर्षांच्या वयाने केलेलं नुकसान त्या तीन आठवड्यांच्या झोपेपेक्षा कमी होतं! मग त्यांच्याकडून सहा महिने हळूहळू वाढवत व्यायाम करून घेतला, आणि पन्नाशीतले ते पाच जण सरासरीने 1966 च्या, प्रयोगाआधीच्या पातळीवर परत आले. हे वाचल्यावर मी ‘वय झालं’ हे कारण घरात सांगणं बंद केलं.

म्हणजे दम लवकर जातो, तसा येतोही लवकर. मला दोन-तीन आठवड्यांत फरक कळला.

स्नायूंचं तर याहून भलं आहे. व्यायामाने स्नायूचा तंतू जाड होतो तेव्हा त्यात नवी केंद्रकं येतात, म्हणजे प्रथिनं घडवायला जादा कारागीर. ओस्लो विद्यापीठातल्या संशोधकांनी 2010 साली उंदरांमध्ये दाखवलं की स्नायू पुन्हा रोडावला तरी हे कारागीर महिनोन्महिने जागेवर राहतात. माणसात ते किती काळ टिकतात यावर वाद आहे. पण एकदा कमावलेलं अंग दुसऱ्यांदा लवकर भरतं, हे आपल्याकडच्या तालमीतला कुठलाही वस्ताद सांगेल.

खरी मेख पुढे आहे. दम आला, दंड भरले, हात तर आधीपासूनच हुशार. पाचव्या-सहाव्या आठवड्यात माणसाला वाटतं, झालं, आपण परत आलो. आणि नेमका तेव्हाच कोपर धरतं, मनगट दुखतं, टाचेमागची शीर ओढली जाते. कारण स्नायूला हाडाशी बांधणारा दोर, म्हणजे कंडरा, अजून पंधरा वर्षांपूर्वीच्या ठोशासाठी तयार झालेली नसते. तिला रक्तपुरवठा कमी, त्यामुळे तिचा कारभारही सावकाश.

तो किती सावकाश, याचा पुरावा अणुबॉम्बने दिला. 1955 ते 1963 या काळातल्या अणुचाचण्यांनी हवेतला कार्बन-14, म्हणजे कार्बनचा किरणोत्सारी प्रकार, जवळपास दुप्पट झाला आणि नंतर हळूहळू उतरत गेला. अन्नावाटे तो सगळ्यांच्या शरीरात शिरला. त्यामुळे एखादी ऊती कोणत्या वर्षी बनली, हे त्यातल्या कार्बनवरून सांगता येतं. डेन्मार्कच्या संशोधकांनी 2013 मध्ये टाचेमागच्या कंडरेचा गाभा असा तपासला. तो वयाच्या सुमारे सतराव्या वर्षापर्यंत बनलेला निघाला. त्यानंतर जवळपास बदललेलाच नव्हता. म्हणजे दोरीवर उड्या मारताना मी ज्या दोरावर लटकतो तो माझ्या दहावी-बारावीच्या काळातला आहे. सरावाने कंडरा ताठ आणि मजबूत होते, नाही असं नाही, पण महिन्यांच्या हिशेबाने. शिवाय जोराच्या व्यायामानंतर साधारण दीड दिवस तिच्यात कोलॅजनची, म्हणजे ती ज्या प्रथिनाच्या धाग्यांनी विणलेली असते त्याची, मोडतोड जडणघडणीपेक्षा जास्त चालते. त्या वेळात पुन्हा बॅगेवर तुटून पडलं तर नुकसान साठत जातं. म्हणून मी एक दिवसाआड बॅग मारायची ठरवली. मधल्या दिवशी शॅडो बॉक्सिंग, म्हणजे नुसते हवेत ठोसे, चालणं, फार तर जोर-बैठका. शॅडोतही हात पुरता झटकायचा नाही: हवेत गेलेल्या ठोशाला थांबवणारं काहीच नसतं, सगळा ब्रेक खांद्यामागच्या लहान स्नायूंना आणि कोपराला लावावा लागतो.

हाडांचंही तसंच. भार पडला की हाड जुना भाग खरवडून नवा भरतं, आणि एका जागेचा हा फेरा पुरा व्हायला तीन-चार महिने लागतात. मूठ वाकडी पडली तर करंगळीखालचं हाड मोडतं. गंमत म्हणजे या मोडण्याला डॉक्टर ‘बॉक्सरचं फ्रॅक्चर’ म्हणतात, पण ते जास्त होतं भिंतीवर किंवा भांडणात ठोसा मारणाऱ्यांना. शिकलेला बॉक्सर पहिल्या दोन बोटांच्या सांध्यांवर आदळतो. थकल्यावर मात्र त्याचीही मूठ कलते. दमलो की बॅग सोडायची, हे मी मिठी मारलेल्या त्या दिवशीच शिकलो.

आता उन्हाचं. चैत्र-वैशाखात आमच्याकडे पारा चाळिशी ओलांडतो आणि पत्र्याखाली त्याहून वर जातो. शरीराला गरमीतल्या कष्टाची सवय व्हायला दहा-चौदा दिवस लागतात. मग घाम लवकर सुटतो आणि त्यात मीठ कमी जातं. एसीत बसणाऱ्याची ही सवय मोडलेली असते. अशा माणसाने पहिल्याच दिवशी जुन्या हिशेबाने दोनशे बैठका आणि दहा राऊंड मारले तर स्नायू फुटून त्यांतली द्रव्यं रक्तात उतरतात आणि मूत्रपिंडं धोक्यात येतात. लघवी कोऱ्या चहासारखी काळपट झाली तर घरगुती उपाय करत बसायचं नाही, थेट दवाखाना. अंग दुखणं वेगळं. ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भरात येतं आणि ओसरतं. वजन उतरवायला प्लास्टिकचा सूट घालून पळणारी पोरं दिसली की माझा जीव खालीवर होतो. 1997 च्या अखेरीस अमेरिकेत तीन कॉलेजकुमार पैलवान याच खटाटोपात काही आठवड्यांच्या अंतराने गेले. मी आपला पहाटे साडेपाचला जातो, परतल्यावर मीठ घातलेलं ताक आणि भाकरीबरोबर हरभऱ्याची उसळ. चाळिशी उलटल्यामुळे आधी रक्तदाब आणि ईसीजी बघून घेतला होता.

दीर्घ खंडानंतर परतलेले थोर लोक आहेतच. मेरी कोमने 2007 मध्ये जुळ्यांना जन्म दिला आणि 2008 मध्ये जागतिक सुवर्ण जिंकलं. अमेरिकेचा बॉक्सर जॉर्ज फोरमन 1977 ला थांबला, 1987 ला परतला आणि 1994 मध्ये पंचेचाळिसाव्या वर्षी हेवीवेट विजेता झाला. लोक त्याचं वय सांगतात. मला त्याच्या परतण्यापासून विजेतेपदापर्यंतची सात वर्षं जास्त महत्त्वाची वाटतात.

स्पारिंग, म्हणजे जोडीदाराबरोबर सरावाची लढत, मी सगळ्यात शेवटी ठेवलं. हेडगार्ड कातडी फाटू देत नाही, पण कवटीत हलणारा मेंदू ते अडवू शकत नाही. मेंदूला सरावाने घट्टे पडत नाहीत. श्रावण लागल्यावर, चौथ्या महिन्यात, त्या भरतीवाल्या पोराबरोबर पहिला राऊंड खेळलो. सोळा औंसांचे ग्लोव्हज, निम्मा जोर, असं आधीच ठरलेलं. तीन मिनिटं पुरी झाली, दम शिल्लक होता. त्याचा जॅब मात्र निघताना दिसायचा आणि माझी मान तरीही उशिरा हलायची. पोरगं प्रत्येक वेळी म्हणायचं, ‘लागला का काका?’