मोरजीच्या वाळूतले राखणदार

गोव्यात पेडणे तालुक्यातल्या मोरजीच्या किनाऱ्यावर थंडी पडू लागली की ऑलिव्ह रिडले कासवाच्या माद्या रात्री अंडी घालायला येतात. त्यांचा माग पहाटे सगळ्यात आधी दिसायचा तो रापणकारांना, म्हणजे किनाऱ्यावरून मोठे जाळे ओढणाऱ्या मच्छीमारांना: दोन्ही बाजूंना आलटून पालटून उमटलेले वल्ह्यांसारख्या पायांचे ठसे. मागाच्या टोकाशी काठी खुपसायची. जिथे ती अलगद आत जाईल, तिथे अंडी. कुणी ती घरी खाई, कुणी विकी.

१९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा झाला, कासव त्याच्या पहिल्या, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या अनुसूचीत गेले, तरी वस्तीवरची काठी लगेच थांबली नाही. बदल घडला तो नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात. मोरजीतल्या टेंबवाडा या वस्तीवरच्या लोकांनी घरटी राखायला घेतली आणि वनखात्याने गावातल्याच माणसांना मोसमापुरते कामावर ठेवले. पेडण्यात राखणदार म्हणजे गाव सांभाळणारा देवचार, न दिसणारा रक्षक. या कामाला तो शब्द शोभतो. माग ओळखणारी नजर तीच राहिली, फक्त आता ती अंडी वाचवू लागली. नुसत्या भाषणांनी हे साधले नसते, असे आमचे ठाम मत आहे.

राखणीत बारकावे पुष्कळ. एका घरट्यात साधारण शंभर ते सव्वाशे अंडी, दीडेक फूट खोल, वर अरुंद आणि खाली फुगीर खड्ड्यात. भरतीची रेषा जवळ असेल तर ती हलवावी लागतात, पण घातल्यानंतर पहिल्या काही तासांतच. पुढे गर्भ कवचाच्या आतल्या बाजूला वर चिकटतो. मग अंडे उलटे झाले की तो मरतो. म्हणून अंडे जसे होते तसेच उचलायचे, जुन्या घरट्याइतक्याच खोलीवर, ओलसर वाळूत ठेवायचे. भोवती जाळी मारली की कुत्री उकरत नाहीत. ४५ ते ६० दिवसांत अंडी फुटून पिल्ले बाहेर येतात. वाळू गरम असेल तर माद्या जास्त, थंड असेल तर नर. म्हणून सगळी घरटी एकाच सावलीत लावणे चूक.

शॅकचे, म्हणजे किनाऱ्यावरच्या पर्यटकांसाठीच्या खानावळींचे, दिवे वाढले तशी नवी अडचण आली. पिल्लू उजळ क्षितिजाकडे धावते. समुद्रापेक्षा दिवे उजळ असले की ते माडांच्या बाजूला वळते आणि सकाळी उन्हात सुकून मरते. २०११ च्या किनारी नियमन क्षेत्र अधिसूचनेत मोरजीसोबत मांद्रे, आगोंद आणि गालजीबाग यांची नावे कासवांची स्थळे म्हणून आली आणि त्या जागी बांधकामाला मनाई झाली. दिवे मात्र शॅकवाल्याशी रोज बोलूनच विझवून घ्यावे लागतात.

गावच्या शाळेतल्या मुलांना पिल्ले सोडताना नेले, तर दोन गोष्टी आधी सांगाव्यात: फ्लॅश मारायचा नाही आणि पिल्लू तळहातावर घ्यायचे नाही. पाण्यापासून काही पावले अलीकडे राखणदारच ते वाळूवर ठेवेल. चालत जाणे त्याचे त्यालाच करू द्यायचे. बादलीत तासभर ठेवले तर ते आतच वळवळत दमते, आणि लाटांपलीकडे जायला लागणारे बळ तिथेच संपते.