निदान झाले म्हणजे बोलण्याचा हक्क संपला, हा समज चुकीचा

अल्झायमरचे निदान झालेल्या माणसाने आरोग्यविषयक जनजागृतीतून कायमचे बाजूला व्हावे, कारण त्याच्या बोलण्याचा आता भरवसा नाही, हा वर्षानुवर्षे चालत आलेला समज चुकीचा आहे. हा आजार पासष्टीच्या आत सुरू झाला, तर बऱ्याचदा आधी ताज्या घटनांची स्मृती ढासळते (काहींची भाषा किंवा दृश्य आकलनही), पण स्वतःचा अनुभव आणि मत मांडण्याची क्षमता सुरुवातीच्या टप्प्यात अनेकांमध्ये टिकून असते. २०१४ मध्ये स्थापन झालेली ‘डिमेन्शिया अलायन्स इंटरनॅशनल’ ही संस्था तर डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश; अल्झायमर हे त्याचे एक कारण) असलेल्या व्यक्तींनीच उभी केली. जनजागृतीच्या कामावर परतताना मोठ्या अक्षरांत लिहिलेले भाषण, हरवलेली ओळ बोटाने दाखवणारा शेजारचा सहकारी आणि मध्ये विश्रांती, एवढी सोय मागण्यात कसलाही कमीपणा नाही. आजार वाढत जातो, हे खरेच. म्हणून कोणते काम कधी थांबवायचे, हे त्या व्यक्तीशीच वेळेवर बोलून ठरवावे.