एआयने लिहिलेलं सॉफ्टवेअर आणि एआयवर चालणारं सॉफ्टवेअर

"मीही आता एआय डेव्हलपमेंटमध्ये आलोय" असं सांगणारा प्रॉडक्ट मॅनेजर मला हल्ली दर आठवड्याला भेटतो. काय केलंस म्हटलं की लॅपटॉप उघडतो. आत बहुतेक वेळा घरखर्चाचं ॲप असतं, कर्सर किंवा क्लॉड कोड या कोड लिहिणाऱ्या एआय टूलकडून दोन शनिवार-रविवारांत लिहून घेतलेलं. ॲप बरं असतं, पण त्यात एआय कुठेच नसतं. एआयने ते लिहिलं आणि एआय घरी गेलं.

१२ वर्षं प्रॉडक्टमध्ये काढून मी स्वतः कोड लिहायला बसलो, तेव्हा पहिले काही महिने हाच गोंधळ माझ्याही डोक्यात होता. त्यामुळे हसत नाही, पण आता कंटाळा आलाय. एआयकडून कोड लिहून घेणं हे एक काम. ज्याच्या पोटात मॉडेल (म्हणजे मजकूर वाचून उत्तर देणारं एआय) बसलंय असं सॉफ्टवेअर बनवणं हे दुसरं. पहिल्यातलं मॉडेल गवंड्यासारखं, भिंत उभी करून निघून जाणारं. दुसऱ्यातलं गेटवरच्या वॉचमनसारखं: येणाऱ्या प्रत्येकाला आत सोडायचं की नाही, हे ते दर वेळी नव्याने ठरवतं.

आपलं काम कुठलं हे कळत नसेल तर एकच प्रश्न विचारा. मॉडेलवाल्या कंपनीचा सर्व्हर आज रात्री बंद पडला, तर तुमच्या वापरकर्त्याला ते कळेल का? नाही, तर तुम्ही पहिल्या घरात आहात.

पहिल्या घराबद्दल फार सांगत नाही. एआय संशोधक आंद्रे कार्पथी यांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याच्या बेफिकीर अवताराला, म्हणजे एआयने लिहिलेला कोड न वाचताच स्वीकारण्याला, 'वाइब कोडिंग' म्हटलं, त्याच वर्षी कॉलिन्स शब्दकोशाने तो वर्षाचा शब्द ठरवला, आणि लोक दिसेल त्या कामाला ते लेबल चिकटवत सुटले. युजर स्टोरी (वापरकर्त्याला काय हवं ते), अ‍ॅक्सेप्टन्स क्रायटेरिया (काम मान्य करायच्या अटी), यूएटी (वापरकर्त्याच्या बाजूने होणारी शेवटची चाचणी) हे सगळं तुम्हाला येतंच. इथे तेच चालतं, फक्त समोर डेव्हलपरऐवजी एजंट, म्हणजे स्वतःच कोड लिहून चालवणारं एआय, असतो. धोकेही ओळखीचेच. जुलै २०२५ मध्ये रेप्लिट या कोडिंग प्लॅटफॉर्मच्या एजंटने, काही बदलू नकोस असं बजावलेलं असताना, एका वापरकर्त्याचा प्रॉडक्शन (प्रत्यक्ष वापरातला) डेटाबेस पुसून टाकला. नव्या माणसाला पहिल्या दिवशी प्रॉडक्शनच्या चाव्या देऊ नयेत, हे आपल्याला आधीही माहीत होतं.

खरी ठेच लागते ती दुसऱ्या घराच्या उंबऱ्यावर. आमच्या सोसायटीसाठी मी एक छोटं ॲप केलं. त्यात मेंटेनन्सचं बिल, थकबाकीवरचं सरळव्याज आणि पावत्या होत्या. कोड बराचसा एजंटनेच लिहिला. मी दहा-बारा फ्लॅटचे आकडे हाताने पडताळले, जुळले, विषय संपला. तोच फ्लॅट, तीच थकबाकी, तेच व्याज. आजही आणि पुढच्या मार्चमध्येही. (हा गुणाकारसुद्धा दर वेळी मॉडेलकडे पाठवणारे लोक मी पाहिलेत. कृपया असं करू नका.)

मग हुरूप आला. व्हॉट्सॲपवर येणाऱ्या तक्रारी मॉडेलने वाचाव्यात आणि प्लंबर, इलेक्ट्रिशियन, लिफ्टवाला किंवा कमिटी यांच्याकडे वाटून द्याव्यात असं ठरवलं. पाच-सहा तक्रारी टाकून पाहिल्या, बरोबर आल्या. सवयीने मी 'यूएटी पास' म्हणून मोकळा झालो. दुसऱ्या आठवड्यात कुणीतरी लिहिलं, "तिसऱ्या मजल्यावर बेडरूममध्ये पाणी येतंय." मॉडेलने निष्कर्ष काढला: पाणीपुरवठा सुरळीत, तक्रार नाही.

मी प्रॉम्प्टमध्ये (मॉडेलला दिलेल्या सूचनेत) एक ओळ वाढवली, की 'पाणी येतंय' म्हणजे गळती समजावी. झालं, "नळाला गढूळ पाणी येतंय" हीसुद्धा गळतीत जाऊन बसली. ते सावरलं तर "आज बोअरचंच पाणी येतंय का?" हा साधा प्रश्न प्लंबरकडे गेला.

इथे प्रॉडक्ट मॅनेजरची जुनी सवय दगा देते. अ‍ॅक्सेप्टन्स क्रायटेरिया म्हणजे हो किंवा नाही, आणि कोडला कुणी हात लावला नाही तर एकदा पास झालेलं पासच राहतं. मॉडेलचं तसं नसतं. दहा तक्रारी बरोबर लावल्या म्हणून अकरावी बरोबर लागेल असं नाही, आणि एका तक्रारीसाठी बदललेला शब्द दुसऱ्या तीन बिघडवू शकतो. म्हणून इव्हॅल लागतात. खऱ्या तक्रारी गोळा करायच्या, प्रत्येकीचं बरोबर उत्तर माणसाने आधी लिहून ठेवायचं, आणि प्रॉम्प्टमध्ये स्वल्पविराम जरी बदलला तरी सगळा संच पुन्हा चालवायचा. निकाल 'पास' असा येत नाही, शंभरातल्या किती बरोबर आणि कुठल्या चुकल्या असा येतो. चुकलेल्या वाचून काढायच्या, एकेक. आकडा पाहून लॅपटॉप मिटणाऱ्याला यातलं काहीच कळणार नाही.

बरं, तुम्ही काहीही बदललं नाही तरी खालचं मॉडेल बदलतं. ओपनएआयने ४ जानेवारी २०२४ ला टेक्स्ट-दाविंची-००३ हे मॉडेल बंद केलं, तेव्हा त्यावर उभ्या असलेल्या सगळ्यांना दुसऱ्या मॉडेलवर जावं लागलं. ज्याच्याकडे इव्हॅल होते तो ते चालवून पुढे गेला. ज्याच्याकडे नव्हते, त्याला काय बिघडलं हे वापरकर्त्यांनी सांगितलं असणार.

"टेंपरेचर शून्य ठेवलं की झालं" हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. टेंपरेचर म्हणजे मॉडेलची उत्तरं किती बदलती असावीत याचं सेटिंग. ते शून्य केलं की उत्तरातली चलबिचल कमी होते, पण दर वेळी अक्षर न् अक्षर तेच येईल याची हमी नाही. आणि तेच चुकीचं उत्तर रोज आलं तर काय मिळवलं? तसंच 'हॅल्युसिनेशन' (मॉडेलने ठामपणे सांगितलेली खोटी माहिती) म्हणून खांदे उडवणं. एअर कॅनडाच्या चॅटबॉटने एका प्रवाशाला शोकप्रसंगीच्या सवलतीची चुकीची माहिती दिली. कंपनीने जबाबदारी झटकायचा प्रयत्न केला, पण फेब्रुवारी २०२४ मध्ये ब्रिटिश कोलंबियाच्या न्यायाधिकरणाने तो मानला नाही आणि भरपाई द्यायला लावली.

बाकीचे फरक किरकोळ. कोडची भाषा पायथॉन की टाइपस्क्रिप्ट? जे येतं ते. खर्च पहिल्यात मुख्यतः लिहिताना होतो, दुसऱ्यात प्रत्येक तक्रारीमागे. आणि देवनागरी मजकुराला इंग्रजीपेक्षा सहसा जास्त टोकन (मॉडेल मजकुराचे जे तुकडे करतं आणि ज्यांवर खर्च मोजला जातो ते) लागतात, हे बजेट करताना धरा.

दोन्हींत निवडायचं तर प्रॉडक्टमधून येणाऱ्याने दुसऱ्यावर जोर द्यावा, असं माझं ठाम मत आहे. पहिल्यात मुरलेला इंजिनिअर आपल्यापुढे कायम चार पावलं असणार. पण 'बरोबर उत्तर' कशाला म्हणायचं हे ठरवणं हे आपलं जुनंच काम, आणि ते कोणतंही टूल करून देत नाही. माझ्या संचातल्या एका तक्रारीवर अजून उत्तर लिहिलेलं नाही: "लिफ्टच्या खड्ड्यात पाणी साचलंय." मी म्हणतो लिफ्टवाला, कारण आधी लिफ्ट बंद करायला हवी. सेक्रेटरी काका म्हणतात प्लंबर. पुढच्या रविवारी कमिटीची मीटिंग आहे, तिथे विचारणार आहे.