काथ्याला कॉस्टिक, पण वाळवणीचं काय?

मुंबईत शहाळ्याच्या गाड्यांमागे रोज सोडणांचे ढीग साचतात. त्यांचा काथ्या पीएलए या मका-उसाच्या साखरेपासून बनणाऱ्या विघटनशील प्लास्टिकमध्ये घालून ते मजबूत करता येतं. मात्र नुसताच काथ्या घातला तर प्लास्टिक बरेचदा आधीपेक्षा कमकुवत होतं. काथ्यातलं सेल्युलोज, म्हणजे वनस्पतींच्या धाग्यांचा मुख्य घटक, पाणी ओढतं, पीएलए ओढत नाही, त्यात धाग्यावर मेणाचा थर, त्यामुळे दोघांची पकडच बसत नाही. मोडलेला तुकडा भिंगाखाली पाहिला तर अनेक धागे अखंडच निसटून आलेले असतात, मागे रिकामी भोकं दिसतात.

यावर उपाय कॉस्टिक सोड्याचा. गिरण्यांत सुताला चकाकी आणणारं मर्सरायझेशन याच सोड्याचं, पण तिथलं द्रावण बरंच तीव्र. काथ्याला 5 टक्के पुरे, म्हणजे लिटरभर द्रावणात 50 ग्रॅम. कॉस्टिक थोडा थोडा पाण्यात टाकायचा, त्यावर पाणी कधीही ओतायचं नाही; द्रावण तापून उसळतं. हातमोजे आणि चष्मा हवेतच. भांडं स्टीलचं, ॲल्युमिनियम कॉस्टिकमध्ये विरघळतं आणि हायड्रोजन सुटतो. लिटरला 50 ग्रॅम काथ्या साध्या तापमानाला दोन ते चार तास बुडवला की मेण आणि सेल्युलोजला बांधून ठेवणारे हेमिसेल्युलोज व थोडं लिग्निन निघून द्रावण तपकिरी होतं. धागा खरखरीत होतो, आणि त्या खाचांमध्येच वितळलेलं पीएलए रुततं. द्रावण तीव्र केलं किंवा वेळ फार वाढवला तर मात्र धागाच कमजोर पडतो.

मग भरपूर धुणं, शेवटच्या पाण्यात थोडं ॲसिटिक आम्ल, आणि पीएच 7, म्हणजे ना आम्ल ना अल्कली, आल्याची खात्री. इथे घाई नडते. उरलेला कॉस्टिक वितळलेल्या पीएलएच्या लांब रेणूंच्या साखळ्या तोडतो. तपकिरी पाणीही उदासीन केल्याशिवाय गटारात सोडू नये.

सगळी चर्चा रसायनांची होते; आमच्या मते निकाल वाळवणीत लागतो. पीएलए 170 ते 190 अंशांना वितळवतात आणि त्या उष्णतेत थोडा ओलावाही त्याच्या साखळ्या तोडतो. म्हणून काथ्या आणि पीएलएचे दाणे दोन्ही 80 अंशांच्या ओव्हनमध्ये वाळवावे लागतात, काथ्या तर वजन घटायचं थांबेपर्यंत. मुंबईच्या जुलैत वाळलेला काथ्या उघडा राहिला की हवेतलं पाणी पुन्हा शोषतो. त्यामुळे ओव्हनमधून काढून तो थेट मिसळणीच्या यंत्रात, नाहीतर गरम असतानाच हवाबंद डब्यात. मिश्रणातून बनवलेल्या पट्टीत बारीक बुडबुडे दिसले तर कॉस्टिकचं प्रमाण बदलण्याआधी वाळवणी तपासा.