फ्यूज उडालाय की रिले गेलाय? फ्यूज बॉक्समधले हे दोघं एकच समजू नका

बॉनेट उघडलं की बॅटरीच्या आसपास काळं झाकण असलेली एक पेटी दिसते, तो फ्यूज बॉक्स. बहुतेक गाड्यांत दुसरा एक डॅशबोर्डखाली, ड्रायव्हरच्या गुडघ्याजवळ असतो. झाकण काढलं की आत रंगीत चपटे छोटे तुकडे दिसतात आणि मधेमधे काळे चौकोनी डबे. दोन्ही वर खेचून निघतात, दोन्हींवर अँपिअरचे आकडे छापलेले असतात आणि दोन्हींपैकी काहीही गेलं तरी बाहेरून दिसणारं लक्षण एकच, हॉर्न वाजत नाही नाहीतर फॅन फिरत नाही. त्यामुळे लोक सरसकट "फ्यूज गेला" म्हणतात, दहा-वीस रुपयांचा फ्यूज आणून टाकतात, आणि गाडी होती तशीच.

रंगीत चपटा तो फ्यूज, काळा चौकोनी तो रिले. आधी फ्यूज बघू.

फ्यूजचं काम एकच, वायर जळू न देणं. हॉर्न, स्टिरिओ, लाइट वाचवायला तो बसवलेला नसतो, हे बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही. १२ व्होल्टची बॅटरी म्हणून आपण तिला हलक्यात घेतो, शॉक लागत नाही हे खरंय, पण स्टार्टर फिरवताना हीच बॅटरी शंभराच्या वर अँपिअर देते, आणि तेवढा करंट कुठेतरी घासून बॉडीला टेकलेल्या बारीक वायरमधून गेला तर तिचं प्लास्टिक वितळायला काही सेकंद पुरतात. फ्यूजमधली पट्टी त्या वायरच्या आधी वितळेल अशा बेताने बनवलेली असते. म्हणून त्याचा आकडा वायरच्या जाडीवरून ठरतो. नेहमीच्या ब्लेड फ्यूजमध्ये १० अँपिअर लाल, १५ निळा, २० पिवळा, ३० हिरवा, हे रंग सगळ्या कंपन्यांत सारखेच, त्यामुळे एकदा डोक्यात बसले की कायमचे उपयोगी पडतात.

याचाच अर्थ असा की १० चा सारखा उडतोय म्हणून तिथे ३० चा टाकला, किंवा तांब्याची तार गुंडाळून काम भागवलं, तर आता फ्यूजच्या जागी वायर वितळणार, आणि ती वायर सीटखालून, कार्पेटखालून बाकीच्या वायरींच्या जुडग्यात बांधून गेलेली असते. गाडीला आग लागायचा हा अगदी सरळ रस्ता आहे, प्लीज असं करू नका आणि कुणी मेकॅनिक करत असेल तर त्याला थांबवा.

आता रिले. हा राखणदार नाही, हा स्विच आहे, फक्त बोटाऐवजी करंटने दाबला जाणारा. आत बारीक तारेची कॉइल असते, तिच्यातून अर्ध्या अँपिअरपेक्षाही कमी करंट गेला की ती लोहचुंबक होते, धातूची छोटी पट्टी खेचते, "टक" असा आवाज येतो आणि ३०-४० अँपिअर झेपणारा मोठा कॉन्टॅक्ट, म्हणजे एकमेकांना टेकणारी धातूची टोकं, जोडला जातो. खाली पिनांजवळ आकडे असतात, ८५ आणि ८६ म्हणजे कॉइल, ३० ला बॅटरीकडून सप्लाय येतो आणि ८७ वरून तो हॉर्नला, लाइटला किंवा फॅनला जातो. पाचवी पिन असेल तर ती ८७ए, रिले बंद असताना ३० तिच्याशी जोडलेला असतो.

एवढा खटाटोप कशाला, हे हेडलाइटवरून नीट कळतं. साधा एच-४ हॅलोजन बल्ब ६०/५५ वॉटचा, म्हणजे हाय बीमला ६० आणि लो बीमला ५५, हाय बीमला दोन मिळून १२० वॉट, म्हणजे साधारण १० अँपिअर. काही गाड्यांत, विशेषतः जुन्या आणि छोट्या, हा सगळा करंट स्टिअरिंगजवळच्या दांडीतल्या स्विचमधून जातो. तिथे कुणी १००/९० चे बल्ब लावले की २०० वॉट, १६ अँपिअरच्या वर, आणि मग बल्बचा होल्डर वितळणं, स्विच काळा पडणं, फ्यूज उडणं सुरू होतं. अ‍ॅक्सेसरीवाले यावर "रिले वायरिंग" टाकून देतात, म्हणजे बॅटरीकडून जाड वायर थेट हेडलाइटपर्यंत आणि जुनी वायर फक्त रिलेची कॉइल चालवायला. कल्पना बरोबर आहे, कंपनीच्या मूळ बल्बलासुद्धा फायदा होतो, कारण लांबच्या बारीक वायरमध्ये पडणारे व्होल्ट वाचतात आणि उजेड वाढतो. (१००/९० चे बल्ब मात्र नकोच, समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात.) पण या वायरिंगमध्ये एक गोष्ट आवर्जून बघा, जाड वायरवर फ्यूज आहे का आणि असेल तर बॅटरीच्या अगदी जवळ आहे का. कारण बॅटरी ते फ्यूज एवढ्या तुकड्याला कुणाचंच संरक्षण नसतं. रिले आहे म्हणजे सेफ आहे, हा गैरसमज इथेच महागात पडतो, रिले शॉर्ट सर्किट थांबवत नाही.

आता हॉर्न बंद पडलाय असं धरून शोधू. झाकणाच्या आतल्या बाजूच्या चित्रात हॉर्नचा रिले कुठला ते बघा, त्यावर बोट ठेवा आणि दुसऱ्याला हॉर्न दाबायला सांगा. बोटाला टक लागली तर स्टिअरिंगवरचं बटण, त्याची वायर आणि कॉइल ठीक आहेत, मग संशय हॉर्नच्या फ्यूजवर, रिलेच्या आतल्या कॉन्टॅक्टवर, नाहीतर खुद्द हॉर्नवर आणि त्याच्या अर्थिंगवर. टक लागलीच नाही तर कॉइलपर्यंत करंट पोचत नाहीये किंवा कॉइलच तुटलीय. त्याच बॉक्समध्ये अगदी तोच पार्ट नंबर आणि तीच पिनांची रचना असलेला दुसरा रिले असेल, उदाहरणार्थ फॉग लॅम्पचा, तर दोघांची अदलाबदल करून बघा, हॉर्न वाजला की रोग सापडला.

फ्यूज तपासायला तो उपटायचीही गरज नसते. ब्लेड फ्यूजच्या डोक्यावर दोन बारीक उघडे धातूचे ठिपके असतात, टेस्ट लॅम्पची (एका वायरला क्लिप आणि दुसरीकडे टोक असलेला छोटा दिवा) क्लिप बॉडीला लावा, चावी ऑन करा आणि टोक एकेका ठिपक्याला टेकवा. दोन्हीकडे दिवा लागला तर फ्यूज चांगला, एकीकडेच लागला तर उडालेला. आणि दोन्हींपैकी कुठेच लागला नाही तर फ्यूजला दोष देऊ नका, त्याच्यापर्यंत सप्लायच आलेला नाही, कारण काही फ्यूज रिलेच्या पुढे असतात आणि रिले चालू झाल्याशिवाय त्यांना करंट मिळत नाही. नुसतं डोळ्यांनी बघून ठरवणाऱ्यांची फसगत इथेच होते.

माझ्या मते दोघांतला सगळ्यात कामाचा फरक हा, की रिले गेला तर बहुतेक वेळा तो स्वतःच म्हातारा झालेला असतो, कॉन्टॅक्ट जळून काळे पडतात, नवीन टाकला की विषय संपला. फ्यूज सहसा असा आपोआप जात नाही, त्याला कुणीतरी घालवलेलं असतं. एकदा उडाला, बदलला, महिनोनमहिने चालला तर ठीक, पण टाकल्या टाकल्या परत उडाला तर तिसरा टाकू नका, वायर शोधा. पावसाळ्यात उंदीर बॉनेटमध्ये शिरून वायरी कुरतडतात, दाराच्या बिजागरीजवळ वायर सारखी वाकून तुटते, टेल लॅम्पच्या होल्डरमध्ये पाणी जातं, सुरुवात अशा जागांपासून करा.

रिले अजून एका उलट्या पद्धतीने बिघडतो, जे फ्यूजच्या बाबतीत होऊच शकत नाही. कॉन्टॅक्ट एकमेकांना चिकटतात आणि वस्तू बंदच होत नाही. हॉर्न अखंड वाजत राहतो, किंवा रेडिएटर फॅन रात्रभर फिरून सकाळी बॅटरी डाऊन. (गाडी बंद केल्यावर फॅन थोडा वेळ फिरणं मात्र बऱ्याच मॉडेलमध्ये नॉर्मल आहे.) अशा वेळी रिलेवर हलकेच टकटक केलं की कधीकधी सुटतो, नाही सुटला तर सरळ उपटून काढा. तोच सर्किट तोडायचा सगळ्यात जवळचा मार्ग.

नवीन गाड्यांमध्ये बरेच रिले सर्किट बोर्डावर सोल्डर केलेले असतात किंवा त्यांचं काम कंट्रोल युनिटमधला ट्रान्झिस्टर करतो, तिथे टकही ऐकू येत नाही आणि अदलाबदलही जमत नाही, गाडीच्या कंट्रोल युनिटमधले दोष वाचणारा स्कॅनर लावावा लागतो. फ्यूज मात्र तिथेही तसाच रंगीत आणि हाताने काढता येणारा असतो, तेव्हा १०, १५, २० चे दोन-दोन स्पेअर आणि एक टेस्ट लॅम्प ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवा.