उत्तर नको असलेला प्रश्न : वऱ्हाडी व्यासपीठाची पार्श्वभूमी

वऱ्हाडात कोणी "कायले जातं बा तिकडं?" म्हटलं, तर कारण सांगत बसायचं नसतं, जायचंच नसतं. "त्याले कोन इचारते?" यालाही कोणी नाव घेऊन उत्तर देत नाही. सभेतला आलंकारिक प्रश्न, म्हणजे उत्तर नको असलेला प्रश्न, याच बोलण्यातून उचललेला आहे, हे वक्तृत्वाचे धडे देणारे सहसा विसरतात.

जुना भाग थोडक्यात. आवाजाच्या चढउताराने अर्थ उलटतो, त्याला संस्कृत काव्यशास्त्रात 'काकू' म्हणतात. 'काय भुललासी वरलिया रंगा' असा उत्तर नको असलेला प्रश्न करणाऱ्या संत चोखामेळ्यांचं जन्मगाव बुलढाणा जिल्ह्यातलं मेहुणाराजा असल्याचं इकडे सांगतात. मराठी छपाईत प्रश्नचिन्ह रुळलं ते एकोणिसाव्या शतकात. १८९७ साली पुण्याच्या 'केसरी' साप्ताहिकाने सरकारचं डोकं ठिकाणावर आहे काय, असा मथळा दिला आणि अग्रलेखातल्या प्रश्नाला धार आली. त्या वर्षीचा टिळकांवरचा राजद्रोहाचा खटला मात्र या मथळ्यावर नव्हता, आधीच्या जून महिन्यातल्या मजकुरावर होता. शाळेत बहुतेकदा उलटंच सांगितलं जातं.

खरा कस लागला तो कीर्तनात. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे, हाती खराटा घेऊन गावोगाव फिरणारे कीर्तनकार गाडगेबाबा १९५६ साली वारले. त्यांचं कीर्तन बरंचसं सवालजवाबावरच चालायचं. आधी सोपे, कोणीही उत्तर द्यावं असे प्रश्न. दगडाला भूक लागते का? नाही. बकरं कापा म्हणून देवानं सांगितलं का? नाही. अशा धर्तीचे. दोन-तीनदा 'नाही' म्हणून झालं की पुढचा प्रश्न श्रोत्याच्या स्वतःच्या घरावर यायचा : नवसाचा, कर्ज काढून केलेल्या तेरवीचा, शाळेत न धाडलेल्या पोराचा. तोवर तोंडातून 'नाही' निघायची सवय लागलेली. त्याच आठवड्यात बकरं कापून आलेल्यालाही चारचौघांत तेच म्हणावं लागायचं.

इथेच वाद आहे. लोक मोठ्याने उत्तर देतात, मग याला आलंकारिक प्रश्न म्हणायचं कसं, असं व्याकरणाची माणसं विचारतात. शालेय व्याकरणात 'आईचे उपकार कोण विसरेल?' या वाक्याचं 'कोणीही विसरणार नाही' असं विधान करायला लावतात. तिथे प्रश्न म्हणजे उलटं घातलेलं विधान. वक्तृत्व स्पर्धांतही परीक्षकांचे दोन तट पडतात. एका तटाला वाटतं, प्रश्न टाकून लगेच पुढे जावं. दुसरा म्हणतो, थांबावं. मला दुसरा तट पटतो. उत्तर एकच असेल आणि ते आधीपासून सगळ्यांना ठाऊक असेल, तर ते मोठ्याने आलं काय नि मनात राहिलं काय, प्रश्नाचं काम झालेलं असतं. मात्र थांबायला छाती लागते. पाठ करून आलेलं पोर तीन सेकंदही गप्प राहू शकत नाही. पाच प्रश्न एकामागून एक फेकतं आणि एकही लागत नाही.

मोझरीच्या तुकडोजी महाराजांच्या भजनपरंपरेने हा धागा आपल्या परीने पुढे नेला. ग्रामजीवनावरच्या 'ग्रामगीता' या ओवीबद्ध ग्रंथात श्रोता शंका काढतो आणि विवेचन सुरू होतं. पण ती खरी शंका, तिला खरंच उत्तर मिळतं. दोहोंची गल्लत करू नये.

कापसाने सूर बदलला. १९७२ साली एकाधिकार खरेदी, म्हणजे कापूस फक्त सरकारी यंत्रणेलाच विकायची योजना, आली आणि ऐंशीच्या दशकात आंदोलनं पेटली. तेव्हाचे चांगले वक्ते आधी हिशेब मांडायचे : बियाणं, खत, निंदण, वेचणी, वर क्विंटलचा भाव. प्रश्न शेवटी, एकच. आकडा डोक्यात बसलेला असल्याने सभा आपोआप उसळायची. पुढे आत्महत्यांचं सत्र, २००६ साली विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं केंद्राचं पॅकेज, आणि त्यानंतर "शेतकऱ्यानं जगावं कसं?" हा प्रश्न प्रत्येक मंचावर आला. हिशेब गळाला, प्रश्न राहिला. तो सत्तेतलेही विचारू लागले, तेव्हा मागच्या रांगेतून "तुमीच सांगा ना भाऊ!" असं यायला लागलं.

लेखी कामात तर हा प्रश्न अंगाशीच येतो. तहसीलच्या निवेदनात 'आम्ही अजून किती वर्षं चिखल तुडवायचा?' असं लिहिलं, की 'कार्यवाही सुरू आहे' एवढं कोरडं पत्र येऊ शकतं. म्हणून गावातले मुरलेले निवेदनवाले भाषणात तो प्रश्न ठेवतात आणि कागदावर गट नंबर, पांदण रस्त्याची लांबी, मागच्या अर्जाची तारीख आणि आवक क्रमांक लिहितात.